मॅनेजर गप्प का बसतो, आणि त्याला बोलतं कसं करायचं (छोट्या कंपनीच्या मालकांसाठी)

आधी एक छोटी टेस्ट करा. गेल्या दोन-तीन महिन्यात कंपनीतल्या ज्या तीन वाईट बातम्या तुमच्या कानावर आल्या त्या आठवा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ती पहिल्यांदा कोणाकडून कळली. कस्टमरच्या क्वालिटीवाल्याचा फोन आला म्हणून? सीएने रिटर्न भरताना विचारलं म्हणून? तिन्हींत तुमच्या मॅनेजरचं नाव एकदाही येत नसेल तर पुढचं वाचा, कारण त्याला यातल्या निदान दोन गोष्टी तुमच्या आधी आठवडाभर माहीत होत्या, पैज लावतो.

मला टेम्पोवाल्याने सांगितलं होतं. भोसरीत माझं मशिनिंगचं छोटं युनिट आहे, चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (दोन्ही धातू कापायची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), ऑफिस धरून ३४ माणसं. एका बुधवारी टेम्पोवाला सहज म्हणाला, शेठ ते रिजेक्शनचे क्रेट उद्या आणू का परवा, उद्या गुरुवार, गेट बंद असेल ना. मी म्हटलं कुठले क्रेट? तर त्याचा चेहराच पडला बिचाऱ्याचा. सहा दिवसांपूर्वी कस्टमरकडे माल अडकला होता, प्रॉडक्शन मॅनेजरला माहीत, स्टोअरवाल्याला माहीत, चहावाल्या पोरालासुद्धा माहीत, फक्त मालकाला नाही. मी मॅनेजरला केबिनमध्ये बोलावून जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा परिणाम काय झाला तर पुढचे दोन महिने तो माझ्याशी 'हो सर', 'बघतो सर' याच्यापलीकडे बोललाच नाही.

खरं तर मला आधीच कळायला पाहिजे होतं, कारण स्वतःचा धंदा काढायच्या आधी मी अकरा वर्षं दुसऱ्याकडे मॅनेजरच होतो. तिथे एकदा एका पार्टचा गो गेज (भोकाचं माप बरोबर आहे का ते तपासायचं हत्यार) झिजला होता, बोअर म्हणजे भोक कमी असलेले पीस बिनधास्त पास होत होते, आणि ते मला चारशे पीस झाल्यावर लक्षात आलं. जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण त्याच आठवड्यात मी कस्टमरच्या माणसासमोर 'ही तारीख जमणार नाही' म्हणालो होतो आणि मालक सगळ्यांदेखत म्हणाले होते, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, जमवणारा माणूस आणतो. मग मी मूग गिळून गप्प बसलो, चारशे पीस गेले, कस्टमरकडे त्या भोकात पिन बसेना, लाइन थांबली, त्यांनी त्यांची माणसं बसवून सॉर्टिंग केलं आणि त्या खर्चाची डेबिट नोट (बिलातून कापायच्या पैशांचा कागद) आली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की मॅनेजर गप्प बसतो तो स्वभावाने मुखदुर्बळ असतो म्हणून नाही. तोच माणूस घरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर भांडतो. तो मागच्या वेळी बोलल्यावर काय झालं ते बघून गप्प बसतो, तेवढा एकच हिशोब त्याच्या डोक्यात असतो. तेव्हा तुम्हाला त्याचा स्वभाव बदलायचा नाहीये, फक्त तो हिशोब बदलायचाय.

आधी त्याच्या बाजूने बघा

सरकारी व्याख्येत 'लघु' उद्योग म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंत, पण मी बोलतोय ते वीस ते ऐंशी माणसांच्या कंपनीबद्दल, जिथे मॅनेजर आणि मालक यांच्या मध्ये कोणीच नसतं. मोठ्या कंपनीत साहेबाशी पटलं नाही तर एचआर आहे, साहेबाचा साहेब आहे, दुसरं डिपार्टमेंट आहे. इथे काय आहे? मालक, मालकाची बायको अकाउंटला, मालकाचा मेव्हणा परचेसला. मॅनेजरने परचेसबद्दल तक्रार करायची म्हणजे मालकाच्या सासुरवाडीबद्दल तक्रार करायची.

त्यात बऱ्याच जणांनी मुलीच्या लग्नाला नाहीतर घराच्या डिपॉझिटला मालकाकडून उचल घेतलेली असते. मालकाला वाटतं मी एवढं केलं याच्यासाठी, आता हा मोकळेपणाने बोलेल. उलट होतं. उपकाराच्या ओझ्याखाली माणसाचं तोंड आणखी बंद होतं, अशा माणसाला 'तुमचं चुकतंय' म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो.

आणि कायद्याने पण तो एकटाच पडतो हे किती मालकांना माहितीये? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण याची जी व्याख्या आहे त्यातून मॅनेजरकी करणारा माणूस बाहेर आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी जी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तिच्यातही तो बाहेरच आहे. म्हणजे ऑपरेटरला काढलं तर तो लेबर कोर्टाचा, नव्या संहितेत औद्योगिक न्यायाधिकरणाचा, दरवाजा वाजवू शकतो, मॅनेजरला ती सोय नाही. युनियन नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मध्ये तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी व्यवस्था सांगितलीय, पण ती लिस्टेड कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका-वित्तसंस्थांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना. तुमच्या-माझ्या शेडला ते काही लागू नाही. म्हणजे त्याने बोलावं की नाही हे शेवटी तुमच्या तोंडाकडे बघूनच ठरतं.

शिवाय खालून पण दाब असतो, हे मालक हमखास विसरतात. मॅनेजर वर जाऊन काही बोलला की खाली ऑपरेटर म्हणतात हा शेठचा चमचा, आपली नावं सांगतो. वरचे ओरडणार, खालचे तोडून टाकणार, मग शहाणा माणूस काय करेल, होयबा होईल.

पहिला मिनिट

सगळ्यात जास्त इथे लक्ष द्या, बाकीचं नाही जमलं तरी चालेल. मॅनेजर वाईट बातमी घेऊन आला की पहिल्या मिनिटात तुमच्या तोंडून जे निघतं त्याच्यावर पुढचं वर्ष ठरतं.

आपल्या सगळ्यांच्या तोंडून आपोआप निघणारे प्रश्न म्हणजे 'कधी कळलं?', 'कोणी केलं?', 'तेव्हाच का नाही सांगितलं?' हे तिन्ही पोलीस चौकीतले प्रश्न आहेत. उत्तर काहीही दिलं तरी माणूस आरोपीच. त्याच्याऐवजी आधी म्हणा, बरं झालं सांगितलंत. एवढंच. मग विचारा, आत्ता माल कुठे आहे, किती पीस आहेत, काय थांबवायचं. म्हणजे मालाबद्दल बोला, माणसाबद्दल नाही. कोणी केलं ते दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर बघा, आणि तेव्हाही 'कोणी' पेक्षा 'कसं झालं' हे विचारलंत तर त्याला खाली कोणाचं नाव द्यावं लागत नाही, चमचा व्हावं लागत नाही.

मला हे जमायला वर्ष गेलं. राग येतोच, मी काही संत नाही. मग एक युक्ती केली, राग आला की म्हणायचं 'थांबा, चहा सांगतो', आणि स्वतः उठून टपरीपर्यंत जायचं. परत येईपर्यंत पाच मिनिटं जातात. आता तर मॅनेजरच बातमी सांगायच्या आधी विचारतो, सर चहा सांगू का, तेव्हाच मला कळतं काहीतरी मोठं आहे.

एक वाक्य मात्र कायमचं बंद करा: 'मला प्रॉब्लेम सांगू नका, सोल्युशन घेऊन या.' ऐकायला लय भारी वाटतं, कुठल्यातरी सेमिनारमध्ये सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण त्याचा अर्थ मॅनेजर काय घेतो? ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते सांगायचंच नाही. आणि ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही तेच तर तुम्हाला कळायला पाहिजे ना, बाकीचं तो निस्तरतोच की.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन या बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषध देण्याच्या चुका मोजल्या होत्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आकडे उलटे आले. चांगल्या टीम जास्त चुका करत नव्हत्या, त्या चुका लपवत नव्हत्या एवढंच. हे माझ्याकडे पण झालं, पहिल्या सहा महिन्यात रिजेक्शनच्या वहीतले आकडे इतके वाढले की मी घाबरलो, वाटलं सगळं बिघडलं. कस्टमरकडून परत येणारा माल बघितला तर तो कमी झाला होता. तर सुरुवातीला आकडा वाढला म्हणून हातपाय गाळू नका आणि चिडू तर अजिबात नका.

कुठे विचारायचं, काय विचारायचं

केबिनमध्ये बोलावू नका. छोट्या कंपनीत केबिनमध्ये बोलावणं म्हणजे एकतर पगार नाहीतर शिव्या, आणि काचेतून सगळे बघत असतात कोण किती वेळ आत होता. मी बुधवारी संध्याकाळी मशीनच्या बाजूने मॅनेजरबरोबर एक चक्कर मारतो, वीस मिनिटं. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी त्यामुळे बुधवारी संध्याकाळी माणूस जरा सैल असतो. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे पण बोलणं सोपं जातं, हे आपलं माझं निरीक्षण. मीटिंग घ्यायची असेल तर घ्या, पण सगळ्यांसमोर कोणी खरं बोलणार नाही, आणि कस्टमर बसलेला असेल तर तुम्हीच मॅनेजरला काही विचारू नका.

'काही प्रॉब्लेम?' असं विचारलं की 'नाही सर' हेच येणार, ते रामराम घातल्यासारखं आहे. प्रश्न असा पाहिजे की त्याचं 'नाही' हे उत्तरच होत नाही. या आठवड्यात कुठला डिस्पॅच लटकेल असं वाटतंय? कुठल्या मशीनवर तुमचा सगळ्यात कमी भरवसा आहे? मी नवीन घेतलेल्या कामांपैकी कुठलं काम तुम्ही असता तर घेतलं नसतं? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा तो नुसता हसला. दुसऱ्यांदा पण हसला. पाचव्या का सहाव्या बुधवारी म्हणाला, सर ते ॲल्युमिनियमचं हाउसिंग, आपल्याकडे ते पकडायचं फिक्स्चर नाही, दर वेळी सेटिंगमध्ये अर्धी शिफ्ट जाते आणि रेट तर तुम्ही आधीच देऊन बसलात. मला झोंबलं, पण खरं होतं.

तक्रारपेटी लावू नका. ३४ माणसांत निनावी काही नसतं, अक्षर ओळखू येतं, आणि पेटीपाशी कोण गेलं ते कॅमेऱ्यात दिसतं. आमच्या पेटीत सहा महिन्यात एक चिठ्ठी निघाली, 'चहात साखर कमी'.

(एक गोष्ट वेगळी. लैंगिक छळाची तक्रार हा फेरफटक्यात बोलायचा विषय नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती करावीच लागते, ती करा.)

बोलून काय झालं ते त्याला दिसू द्या

भीतीपेक्षा सुद्धा मोठं कारण म्हणजे 'सांगून काय उपयोग'. मी मॅनेजर होतो तेव्हा कूलंटच्या टाकीबद्दल किती वेळा बोललो असेन, मालक म्हणायचे बघू, बघू. चौथ्यांदा कोण बोलेल? तर तो काहीही बोलला की आठवड्याच्या आत उत्तर द्या. हो म्हणा, नाही म्हणा, दिवाळीनंतर म्हणा, पण म्हणा. 'नाही' चालतं, लोकांना वाटतं नाही म्हटलं की मॅनेजर नाराज होईल, तर कारण सांगितलं की तो होत नाही. 'आत्ता बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट भरलीये, मार्चनंतर बघू' हे कारण त्याला समजतं. माझ्याकडे त्यासाठी एक साधी वही आहे, डाव्या पानावर त्याने काय सांगितलं, उजव्या पानावर मी काय केलं. उजवं पान कोरं राहिलं की मलाच लाज वाटते.

आणि हे तर जरूर पाळा: जो बोलला त्याच्याच गळ्यात ते काम मारू नका. 'स्टोअरचा हिशोब लागत नाही सर.' 'हो का, मग तुम्हीच लावून टाका शनिवारपर्यंत.' संपलं, पुढच्या वेळी हिशोब नाही लागला तरी तो सांगणार नाही, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी तर ज्याने सुचवलं त्यानेच. काम त्यालाच द्यावं लागणार असेल तर दुसरं काहीतरी त्याच्याकडून काढून घ्या, नाहीतर एक माणूस द्या.

थोडा अधिकार द्या, हा माझ्या मते पहिल्या मिनिटानंतरचा दुसरा महत्त्वाचा उपाय. टोयोटामध्ये लाइनवरच्या साध्या कामगाराने सुद्धा दोरी ओढली की मदत धावत येते आणि प्रॉब्लेम सुटला नाही तर लाइन थांबते, हे आपण सगळे ऐकून असतो आणि आपल्याकडे मॅनेजरला सुद्धा एक डिस्पॅच थांबवायची मुभा नसते. मी माझ्या मॅनेजरला दोन गोष्टी लिहून दिल्या. क्वालिटीचा संशय असेल तर मला न विचारता माल रोखायचा. आणि पाच हजारांपर्यंतचा खर्च, इन्सर्ट (टूलला लावायची कापणारी पाती) असेल, गेज असेल, मला फोन न करता करायचा. पहिल्या महिन्यात त्याने एक डिस्पॅच रोखला आणि माल बरोबर निघाला, म्हणजे उगाच रोखला. कस्टमरचे दोन शब्द मी ऐकून घेतले आणि त्याला एक अवाक्षर बोललो नाही. आतून जळफळाट झाला होता. पण त्या दिवसानंतरच तो खऱ्या अर्थाने बोलायला लागला, वही काढून बघितली तर तिथूनच पानं भरलेली दिसतात.

घरचं जेवणाचं टेबल

ज्यांच्या कंपनीत घरची माणसं आहेत त्यांच्यासाठी. दिवसा मॅनेजरबरोबर ठरतं आणि रात्री जेवताना बायको, भाऊ, मुलगा यांच्याबरोबर ते बदलतं, सकाळी मॅनेजरला नवीनच काहीतरी कळतं आणि तेही ऑपरेटरसमोर. हे तीनदा झालं की तो ठरवताना बोलणंच सोडतो, त्याला माहीत असतं खरी मीटिंग रात्री आहे आणि तिथे त्याला ताट नाही. आमच्याकडे आता एवढंच आहे की रात्री काही बदललं तर सकाळी पहिला फोन मॅनेजरला, कारणासकट. बायकोनेच काढलेला नियम आहे हा, क्रेडिट तिला.

मुलगा नुकताच इंजिनिअर होऊन आलेला असेल तर आणखी नाजूक. त्याला सहा महिने मॅनेजरच्या हाताखाली ठेवा, वर नको. आणि मुलाची चूक मॅनेजरने सांगितली तर त्या दिवशी मुलाची बाजू घेऊ नका, बरोबर असली तरी. एकच दिवस.

आकडे दाखवल्याशिवाय मत मागू नका

माझ्या अकाउंटच्या काकांचं उदाहरण देतो. एक पार्टी माझा जुना मित्र, पैसे नव्वद-शंभर दिवसांनी द्यायचा. काकांना सगळं दिसत होतं पण मित्र माझा, मग ते कशाला बोलतील. एकदा मी त्यांना बँकेचं सीसीचं व्याज महिन्याला किती जातं ते समोर ठेवून विचारलं, काका हे कमी कसं करायचं. तेव्हा हळूच म्हणाले, साहेब, एमएसएमई कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, प्राप्तिकराच्या ४३बी(एच) मुळे पार्टीने वेळेत पैसे दिले नाहीत तर तिला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षातच धरता येतो, त्यांच्या सीएलाच हे आधी सांगा. सरकारच्या समाधान पोर्टलवर (थकलेल्या पैशांची तक्रार करायची वेबसाइट) तक्रार करायची वेळसुद्धा आली नाही, मित्राच्या सीएनेच त्याला झापलं. काकांना हे वर्षभर माहीत होतं! मी कधी आकडा दाखवला नाही म्हणून त्यांना विषय काढायला जागा मिळाली नाही.

बक्षीस द्यायचं का?

बोलण्यासाठी पैसे देऊ नका, किरकोळ गोष्टींचा पाऊस पडेल. श्रेय द्या, पण आधी त्याला विचारून. मी एकदा खंडेनवमीला मशीनची पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर मॅनेजरचं कौतुक केलं की यांनी सांगितलं म्हणून सेकंड शिफ्टमधला गोंधळ कळला. अरे देवा. सेकंड शिफ्टवाले त्याच्याशी आठ दिवस नीट बोलले नाहीत. आता कौतुक करायचं तर कस्टमरसमोर करतो, 'हा बदल यांनी सुचवला', त्याने त्याची मान वर होते आणि खाली कोणाला टोचत नाही.

मॅनेजर लोक पण हे वाचतील म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. मालकाला सकाळी गाठा, बँकेचा मेसेज येऊन गेल्यावर नाही. आधी व्हॉट्सॲपवर 'सर दहा मिनिटं हवीत, डिस्पॅचबद्दल' एवढंच टाका, म्हणजे तो तयारीत असतो. कस्टमर किंवा घरच्या माणसांसमोर कधीच नको. आणि बोलताना आकड्यात बोला, 'मशीन खराब आहे' पेक्षा 'या मशीनमुळे आठवड्याला दोन शिफ्ट जातात' हे लवकर ऐकू जातं. मालक पहिल्यांदा चिडला तर लगेच सोडून देऊ नका, आम्हाला पण शिकायला वेळ लागतो.

बाकी माझ्याकडे सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. चार महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्टला नवीन सुपरवायझर घेतलाय, आधी दुसऱ्या एका कंपनीत होता. काहीही विचारा, 'सगळं ओके सर.' काल रात्री दोन इन्सर्ट तुटले ते मला आज सकाळी कचऱ्याच्या डब्यात दिसले. मी त्याला अजून काही बोललो नाहीये, बुधवारी चक्कर मारताना विचारेन, सेकंड शिफ्टला इन्सर्ट पुरतात का हो?